पावसाळ्यात गाडी गॅरेजात बंद ठेवताना : कोकण किनाऱ्यावरच्या गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे संपता संपता आमच्या वाडीतली निम्मी घरे पुन्हा कुलूपबंद होतात. आंबा-काजू आटोपून चाकरमानी मुंबईला परततात आणि काही जण गाडी इथेच ठेवून रेल्वेने जातात. गणपतीला आले की हाताशी असावी म्हणून. गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आमचे घर आहे. घरालगतच्या शेडमध्ये माझी एक आणि धाकट्या दिरांची एक अशा दोन गाड्या मी गेली बारा वर्षे पावसाळाभर सांभाळते आहे. पहिले दोन पावसाळे फार महागात पडले. त्यानंतर जे शिकले ते आणि दर मे महिन्यात फोनवर जे प्रश्न येतात ते इथे एकत्र लिहिते आहे.

गाडी पावसात उभी नाही, छपराखाली आहे. मग तिला होणार तरी काय?

सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होते. स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीकडे बघा. मृग लागला की चार-आठ दिवसांत मिठाला पाणी सुटते. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि त्यातच विरघळते. जुलैत किनाऱ्यावरची आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या आसपास असते. समुद्राच्या वाऱ्याने वर्षभर जो खारा थर गाडीच्या तळाला, दारांच्या फटींत, बॉनेटखाली बसलेला असतो, तोही बरणीतल्या मिठासारखाच पाझरू लागतो. गाडीवर पावसाचा एक थेंबही न पडता तिचा पत्रा चार महिने खाऱ्या पाण्यात भिजत राहतो. नुसत्या दमट हवेनेही लोखंड गंजते, आर्द्रता ६० टक्क्यांच्या पुढे गेली की गंजण्याचा वेग वाढतो. त्यात मीठ असले की मग विचारायलाच नको.

गाडी बंद ठेवण्याबद्दल जे बरेचसे लिहिलेले सापडते ते थंड देशांतले, हिवाळ्याचे असते. तिकडे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, त्या मिठापासून वाचवायला लोक गाडी गॅरेजात घेतात. आपल्याकडे मीठ वाऱ्याबरोबर गॅरेजातच येते. त्यामुळे तिकडच्या सूचना इथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. तिकडे गॅरेज घट्ट बंद करायला सांगतात, इथे तेच घातक ठरते. तिकडे कुलंट गोठू नये याची चिंता असते. इथे कुलंट ताजे लागते ते इंजिन आतून गंजू नये म्हणून, आणि म्हणूनच रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी कधीही ओतू नये.

खाली मी जे काही सांगते आहे त्यातले बहुतेक दोनच गोष्टींशी येऊन थांबते : मीठ धुऊन काढायचे आणि वारा खेळता ठेवायचा.

गाडी कधी बंद करावी?

मृगाची वाट पाहू नका. गाडी धुऊन ती कडक उन्हात दोन-तीन दिवस आतबाहेरून वाळली पाहिजे आणि तसे ऊन मेमध्येच मिळते. मी वीस ते पंचवीस मेच्या दरम्यान हे काम उरकते, आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, बाकी कामांबरोबरच. ‘निसर्ग’ चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकले आणि ‘तौक्ते’ तर २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यालाच किनाऱ्याजवळून गेले. पाऊस सात जूनलाच येईल या भरवशावर राहायचे दिवस गेले.

आमच्याकडे पक्के गॅरेज नाही. मांगर, पडवी, पत्र्याची शेड यांपैकी काय चालेल?

तिन्ही चालतील. पक्क्या सिमेंटच्या, शटर ओढून बंद केलेल्या खोलीपेक्षा तिन्ही बाजूंनी चिरे आणि पुढे लाकडी पट्ट्यांचे फाटक असलेला मांगर मला जास्त बरा वाटतो. शटरच्या खोलीत एकदा ओल शिरली की बाहेर पडायला वाट नसते.

जागा निवडताना चार गोष्टी बघा. पहिली, झड. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून झोडपतो. फाटक त्या दिशेला असेल तर बाहेरून झापांची ताटी किंवा जाड प्लॅस्टिकचा पडदा लावा, पण तो वरून हातभर मोकळा सोडा. पूर्वेची बाजू पूर्ण मोकळी राहिली तरी हरकत नाही. समोरासमोरच्या भिंतींत एक झरोका खाली आणि एक वर असला की वारा आपोआप फिरतो. घुशी आत येऊ नयेत म्हणून झरोक्यांना बारीक जाळी ठोका.

दुसरी, जमीन. मातीची किंवा सारवलेली जमीन पावसाळाभर खालून वाफ सोडत राहते आणि ती वाफ सरळ गाडीच्या तळाला लागते. गाडी आत घेण्याआधी जमिनीवर जाड प्लॅस्टिकचा कागद पसरा, चाकांखाली फणसाच्या किंवा आंब्याच्या जुन्या फळ्या टाका. एवढ्या एका कागदाने आमच्या शेडमध्ये फार फरक पडला. सिमेंटचा कोबा असेल तरी खालून ओल येते का ते पाहायला रात्रभर प्लॅस्टिकचा तुकडा अंथरून ठेवा. सकाळी त्याच्या खाली दव जमले असेल तर कागद हवाच.

तिसरी, जांभ्याची भिंत. चिरा पाणी पितो. बाहेरून गिलावा नसलेल्या भिंतीला ऑगस्टपर्यंत हात लावला तर गार आणि ओला लागतो. गाडी तिला चिकटवून लावू नका, निदान दोन फूट अंतर सोडा.

चौथी, डोक्यावर काय आहे ते. कौले शाकारून घेतलीत का, पन्हळ फुटली नाही ना, पागोळ्यांचे पाणी उडून आत येत नाही ना. आणि शेडवर माड झुकलेला असेल तर जूनआधी नारळ आणि सुक्या झावळ्या उतरवून घ्या.

याच जागेत खताच्या गोणी, सुकी मासळी, मिठाचे पोते ठेवायचे नाही, ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना बजावून सांगा. युरिया आणि मीठ दोन्ही ओल धरतात. सुक्या बोंबलाच्या वासाने मांजर येते, भाताच्या कणगीमागून उंदीर येतात. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी सुपारीची पोती ‘थोडे दिवस’ म्हणून शेडमध्ये ठेवली होती, त्याची हकिकत पुढे उंदरांच्या प्रश्नात येईल.

निळी ताडपत्री घट्ट बांधली तर?

बांधू नका. ताडपत्रीच्या आत दिवसा वाफ होते, रात्री तिचे पाणी होऊन पत्र्यावर बसते आणि ते वाळायला जागाच नसते. वाऱ्याने ताडपत्री हलत राहिली तर रंग घासला जातो तो वेगळाच. छपराखाली गाडी असेल तर हवा आरपार जाणारे कापडी आच्छादन घाला, तेही धूळ आणि पाखरांची घाण यांच्यासाठी. जुनी सुती चादर चालते. ती ओली लागली तर त्याच दिवशी काढून वाळवा. गाडी उघड्यावरच ठेवावी लागणार असेल तर माझ्या मते कोकणात ती चार महिने ठेवूच नये, सोबत घेऊन जावी.

धुणे म्हणजे नेमके किती धुणे?

वरचा रंग सगळेच धुतात. धुवायचे ते खालून. गॅरेजवाल्याकडे लिफ्टवर चढवून तळाला जोराच्या पाण्याचा फवारा मारून घ्या. मडगार्डच्या आतल्या कडा, चाकांमागचे प्लॅस्टिक, सस्पेन्शनचे सांधे, सायलेन्सरचे हँगर इथे तांबडी माती साचून घट्ट ढेपा होतात, आणि त्या ढेपांत मीठ आणि ओल दोन्ही मुरते. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोके असतात, ती मातीने बुजलेली असतात. काडी घालून मोकळी करा. बॉनेट उघडल्यावर काचेच्या पायथ्याशी जी पन्हळ असते तिथली आंब्याची, काजूची पाने काढा. ती कुजली की पाणी तुंबते आणि पुढे आत पायाशी ओल येते.

कोणते पाणी वापरता तेही बघा. खाडीकाठच्या आणि किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी मेमध्ये मचूळ होते. मचूळ पाण्याने गाडी धुणे म्हणजे मीठ काढून मीठच चढवणे. त्या दिवसांत मी गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या गॅरेजात गाडी नेते, पण मचूळ पाणी लावत नाही. कोणी हौसेने गाडी पुळणीवर नेली असेल, लाटांच्या कडेने चालवली असेल, तर तिला दोनदा धुवावे लागेल.

मग वाळवा. दारे, डिकी, बॉनेट उघडे टाकून दोन दिवस ऊन द्या. त्यानंतर मेणाचे पॉलिश आणि तळाला गंजरोधक थर. हा थर ओल्या किंवा मातकट पत्र्यावर मारला तर मीठ आतच कोंडले जाते आणि गंज लपून वाढत राहतो. गॅरेजवाला घाईत असेल तर त्याला दुसऱ्या दिवशी मारायला सांगा. बिजागऱ्या, कुलपे, सीटचे रूळ यांना थोडे तेल, दारांच्या रबरांना टाल्कम पावडर, वायपरच्या रबराखाली पुठ्ठ्याची पट्टी.

इंजिन ऑइल जुने झाले असेल तर ते पावसाळ्याआधीच बदला. वापरलेल्या तेलात आम्ल आणि पाण्याचा अंश असतो. तो चार महिने आत बसून राहण्यापेक्षा स्वच्छ तेल असलेले बरे.

बॅटरी काढावी का?

घरात कोणीच राहणार नसेल तर हो, काढावी. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, संगणक थोडी थोडी वीज पीत असतात. पन्नास मिलीअँपिअरचा झिरपा धरला तर दिवसाला सव्वा अँपिअर-तास जातात. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी त्या हिशेबाने महिन्याभरात रिकामी होते. रिकाम्या अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि मग ती कितीही चार्ज केली तरी पूर्वीसारखी होत नाही. माझी पहिली बॅटरी अशीच गेली, दीड वर्षाची होती.

काढताना आधी ऋण टोक, मग धन. लावताना उलट : आधी धन, मग ऋण. त्याआधी तीन गोष्टी करा. रेडिओला कोड लागतो का ते पुस्तिकेत बघून ठेवा. काचा हव्या तशा लावून घ्या. डिकी फक्त बटणाने उघडत असेल तर बॅटरी काढण्याआधी तिच्यातले सगळे सामान बाहेर घ्या. गाडीचे दार पुढे हाताच्या किल्लीने उघडावे लागेल, तेव्हा ती किल्ली कुलपात फिरते का हेही आत्ताच तपासा. बारा वर्षांत दोनदा तरी लोक किल्ली घेऊन गाडीभोवती फिरताना मी पाहिले आहेत, कारण ते कुलूप कधी वापरलेच नव्हते.

काढलेली बॅटरी घरात कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. देवघरात किंवा झोपायच्या खोलीत नको. घरात माणूस असेल तर महिन्यातून एकदा मल्टिमीटरने बघावे. १२.६ व्होल्ट किंवा वर असेल तर भरलेली आहे, १२.४ च्या खाली आली तर चार्ज करावी. आपोआप चार्ज राखणारा छोटा चार्जर मिळतो आणि तो चांगलाही असतो, पण आपल्याकडे पावसाळ्यात लाइट जाते-येते आणि वीजही पडते. बंद घरात चार्जर लावून चार महिने निघून जाऊ नका. घरात कोणी असेल तरच लावा, आणि गडगडू लागले की पिन काढा.

टोकांवर पांढरे-हिरवे काही आले असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून घासा, वाळवा आणि व्हॅसलीन लावा.

शेजाऱ्यांना किल्ली दिली आहे, ते दर रविवारी पाच मिनिटे इंजिन चालू करतात. ठीक आहे ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर ऐकून लोकांना वाईट वाटते, कारण शेजारी ते आपुलकीने करत असतात. पण पाच मिनिटांनी गाडीचे भले होत नाही.

एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते, वाफेच्या रूपात. गाडी रस्त्यावर तासभर चालली तर सायलेन्सर तापतो आणि ती वाफ बाहेर निघून जाते. पाच मिनिटांत तो कोमटही होत नाही. वाफेचे पाणी सायलेन्सरच्या पोटात बसते आणि आतून पत्रा खाते. काही पाणी इंजिन ऑइलमध्येही उतरते. दिरांच्या गाडीचा सायलेन्सर काढला तेव्हा बाहेरून धड दिसत होता, आतून त्याचा चुरा झाला होता. शिवाय स्टार्टरने बॅटरीतून जेवढी वीज ओढली तेवढीही पाच मिनिटांत परत भरत नाही.

आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू करणे जिवावरचे आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शेजारच्या मुलाला किल्ली देताना हे आवर्जून सांगा.

शेजारी खरेच मदत करणार असतील तर त्यांना दुसरे काम द्या. पंधरा दिवसांतून एकदा उघडीप बघून गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवून आणायची, येताना खालचा चिखल पाण्याने उडवायचा, मग ती वाळली की आत. असे कोणी करणारे असेल तर गाडी बंद करायचीच नाही, बॅटरीही काढायची नाही. माझ्या अनुभवात चालती गाडी बंद गाडीपेक्षा नेहमी बरी राहते. पण नेणाऱ्याकडे परवाना हवा आणि विमा, पीयूसी चालू हवे. नाहीतर इंजिनाला हात लावायचा नाही. फक्त दारे उघडून तासभर हवा द्यायची, क्लच चार-पाच वेळा दाबायचा आणि गाडी हातभर पुढेमागे ढकलायची.

टाकी भरून ठेवायची की रिकामी?

भरून. रिकाम्या टाकीत दमट हवा असते आणि तिचे पाणी होऊन तळाला बसते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढते. पाणी फार झाले की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि खाली उतरतात. टाकी काठोकाठ भरली, झाकण नीट बसलेले असले, की हवेला जागाच उरत नाही. गणपतीपर्यंतच्या तीन महिन्यांसाठी एवढे पुरते. त्याहून जास्त काळ गाडी पडून राहणार असेल तर पेट्रोल टिकवणारे रसायन मिळते ते घाला, आणि घातल्यावर दहा किलोमीटर गाडी चालवा म्हणजे ते इंजिनापर्यंत पोचते. डिझेलच्या टाकीत पाणी साचले तर त्यात चक्क जिवाणू-बुरशी वाढून फिल्टर तुंबतो, म्हणून डिझेलवाल्यांनी फिल्टरमधले पाणी काढून मगच गाडी बंद करावी.

सीएनजी असेल तर सिलिंडरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा आणि तीन वर्षांची हायड्रो टेस्ट कधी आहे ते बघा.

हँडब्रेक आणि टायर?

हँडब्रेक ओढून ठेवू नका. ओलीत ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात आणि गणपतीच्या आदल्या दिवशी चाक फिरत नाही. गाडी सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दोन्हीकडून लाकडी गुटके लावा. चिरे लावू नका. चिऱ्याखालची फट म्हणजे फुरशाला आणि विंचवाला आयती जागा. बटणाचा हँडब्रेक काही गाड्यांत इंजिन बंद करताच आपोआप लागतो, तो कसा सोडायचा ते पुस्तिकेत असते.

टायरमध्ये नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय हवा जास्त भरा, टायरच्या भिंतीवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत. स्टेपनी विसरू नका.

आतल्या बुरशीचे काय करायचे?

पहिल्या वर्षी मी ऑगस्टमध्ये दार उघडले तेव्हा स्टिअरिंगवर पांढरी लव होती, सीटबेल्टवर हिरवट ठिपके, आणि वास असा की गाडीत बसवेना. फुटमॅटखालचा गालिचा मे महिन्यातच जरासा ओला होता, एवढेच कारण.

बुरशीला ओल आणि खाणे दोन्ही लागते. खाणे म्हणजे बिस्किटाचा भुगा, सीटवरच्या घामाचा थर, लहान मुलांनी सांडलेले सरबत. व्हॅक्यूम लावा, सीटच्या फटी साफ करा. फुटमॅट, उशा, टॉवेल, छत्री, ओला रुमाल सगळे बाहेर. स्टिअरिंग, गिअरची मूठ, दारांच्या मुठी साबणाच्या सौम्य पाण्याने पुसून वाळवा. शेवटच्या फेरीत घरी पोचायच्या पाच-सात मिनिटे आधी एसी बंद करून नुसता पंखा चालवा, म्हणजे आतले कॉइल सुकते. तो कुबट वास बऱ्याचदा तिथूनच येतो.

नंतर ओल शोषणारे काहीतरी ठेवायचे. सिलिका जेलच्या पिशव्या चांगल्या, उन्हात किंवा मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. बाजारात कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात, ते पाणी भराभर ओढतात पण त्यांचे खारे पाणी होते, आणि ते सांडले तर गालिचा आणि पत्रा दोन्ही जातात. ठेवायचे तर पसरट भांड्यात ठेवा आणि महिन्याने कोणीतरी बघणारे हवे. आमच्याकडे मी लाकडी कोळसा जुन्या सुती पिशव्यांत घालून चार ठिकाणी ठेवते. तो वासाला फार चांगला, ओलीला मध्यम. कळीचा चुना मात्र ठेवू नका, ओल लागली की तो तापतो आणि सांडला तर कातडी भाजते.

काचा? शेड सुरक्षित असेल तर बोटाच्या पेराएवढ्या दोन काचा खाली ठेवा आणि त्या फटीला आतून मच्छरदाणीचा कपडा चिकटवा, नाहीतर मुंग्या घर करतात.

उंदीर!

त्या सुपारीच्या पोत्यांच्या वर्षी उंदरांनी इंजिनाच्या वरच्या बाजूला काथ्या, कापूस आणि सुपारीची साले यांचे घरटे केले आणि वायरिंगचा एक जुडगा कुरतडला. ती वायर बदलायला रत्नागिरीहून माणूस आणावा लागला. तेव्हापासून शेडमध्ये खाण्याची एकही वस्तू ठेवत नाही, आणि हाच खरा उपाय आहे. बाकी सगळे दुय्यम.

दुय्यम म्हणजे असे. बॉनेट उघडे टेकवून ठेवले तर उंदराला आतली अंधारी, उबदार जागा मिळत नाही. सायलेन्सरच्या तोंडात आणि हवेच्या नळीच्या तोंडात भांडी घासायच्या तारेचा बोळा घाला. बोळा घातल्याची चिठ्ठी स्टिअरिंगला बांधा, म्हणजे कोणी चुकून तसेच इंजिन चालू करणार नाही. शेडमध्ये पिंजरा लावा. विष नको : विष खाल्लेला उंदीर डॅशबोर्डच्या आत जाऊन मेला तर गणपतीत गाडीत बसता येणार नाही, आणि वाडीतली मांजरे, कुत्रीही त्यात जातात. तंबाखूची पाने, मिरीपूड यांचा वास ओल्या हवेत लगेच उतरतो, त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. डांबर गोळ्या गाडीच्या आत ठेवू नका, तो वास सीटमध्ये मुरतो आणि माणसाला अपायकारक आहे.

उंदरामागून साप येतो. पावसाळ्यात शेडमध्ये जाताना टॉर्च घेऊन जा, आधी बॉनेटवर थाप मारा, खाली वाकून बघा, मगच हात घाला.

आमचे घर नदीकाठी आहे. गाडी ठेवू का?

नाही. चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत चढले होते. शेकडो गाड्या दारात, पार्किंगमध्ये जागच्या जागी बुडाल्या. खेडला जगबुडी, राजापूरला अर्जुना-कोदवली, महाडला सावित्री, सगळीकडे हीच कथा पुन्हा पुन्हा घडते. पाऊस धो धो पडत असताना अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती आली की खाडी पाणी घेत नाही आणि ते मागे फुगते. जुन्या माणसांना विचारा, २००५ ला पाणी कुठवर आले होते. त्या खुणेच्या वर कोणा सोयऱ्याचे अंगण असेल तर गाडी तिथे लावा. मागायला संकोचू नका, आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही.

पाणी शिरलेच तर इंजिन चालू करून बघू नका, एकदाही नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि आतला दांडा वाकतो. बॅटरीचे ऋण टोक काढा, पाण्याची पातळी दिसेल असे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी ओढून न्या.

चार महिने रस्त्यावर नसेल तर विमा बंद ठेवला तर चालेल?

वरचे उत्तर वाचल्यावर हा प्रश्न पडू नये. पूर, वादळात पडलेले झाड, चोरी यांची भरपाई स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग असलेल्या विम्यातच मिळते, नुसत्या थर्ड पार्टीत मिळत नाही. मुदत जुलै-ऑगस्टमध्ये संपत असेल तर जाण्याआधीच नूतनीकरण करा. मुदत संपून ९० दिवस उलटले तर दावा न केल्याची जमलेली सवलतही जाते. नदीकाठच्या गावांत इंजिन संरक्षणाची जोड घेतलेली बरी.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर?

मोठी बॅटरी पूर्ण भरून ठेवू नका, रिकामीही नको. निम्म्याच्या आसपास ठेवा आणि कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा पाळा. बारा व्होल्टची छोटी बॅटरी तिच्यातही असते, ती उतरली तर गाडी उघडतसुद्धा नाही. मीठ, बुरशी, उंदीर सगळ्यांना सारखेच.

गणपतीला गाडी काढायची आहे. पोचल्या पोचल्या चालू करू का?

चतुर्थीच्या आदल्या रात्री अकराला उतरून, सकाळी मूर्ती आणायला तीच गाडी काढायची असा बेत करू नका. निदान दोन दिवस हातात ठेवा, किंवा इथल्या कोणाला आधी बघायला सांगा. त्या आठवड्यात एकही मेकॅनिक मोकळा नसतो.

आधी चिठ्ठी वाचा आणि सायलेन्सरचा, हवेच्या नळीचा बोळा काढा. बॉनेटखाली घरटे, कुरतडलेल्या वायरी, गळलेले तेल बघा. गाडीखाली कागदावर ओले डाग आहेत का बघा, प्लॅस्टिकच्या कागदाचा हा दुसरा उपयोग. ऑइल, कुलंट, ब्रेक ऑइल यांच्या पातळ्या पाहा. ब्रेकचे तेल कमी झाले असेल तर नुसते भरून निघू नका, ते कुठे गेले ते शोधा. बॅटरी लावा. गाडी उघड्यावर ढकला आणि मगच चालू करा.

डिस्कवर तांबूस थर दिसेल. तो वरवरचा असतो, सुरुवातीच्या काही ब्रेकांत घासून जातो. अंगणातच दोन-तीनदा हळू चालवून ब्रेक दाबा, मगच घाटीत उतरा. चाक जाम वाटले तर रेस वाढवून ओढू नका. क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर प्लेट चिकटली आहे. इंजिन थोडे तापू द्या, पुन्हा बघा, नाही सुटली तर मेकॅनिक. टायरमधली हवा नेहमीच्या आकड्यावर आणा. पहिले काही किलोमीटर चाके धडधडतील, उभे राहून टायर जरा चपटे झालेले असतात, गरम झाले की बहुतेक वेळा सरळ होतात.

गौरी-गणपती झाले, परत दसऱ्यापर्यंत ठेवायची. सगळे पुन्हा करायचे?

सगळे नाही, पण धुणे मात्र पुन्हा. दहा दिवसांत गाडी भरपावसात, चिखलात फिरलेली असते, देवळांसमोर, किनाऱ्यावर पाहुण्यांना घेऊन गेलेली असते. अनंत चतुर्दशीनंतर सगळ्यांना निघायची घाई असते आणि गाडी ओलीच आत ढकलली जाते. आमच्या दोन्ही गाड्यांना जो गंज लागला तो जूनचा नव्हता, याच पंधरवड्यातला होता. आता मी दिरांना विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी निघू देत नाही. गाडी खालून धुऊन, दारे उघडी टाकून, ऊन नसेल तर शेडमध्ये पंखा लावून रात्रभर सुकवतो, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ते रेल्वेने जातात. टाकी रेल्वे स्टेशनच्या वाटेवरच्या पंपावर आदल्याच दिवशी भरून आणलेली असते.